पुढच्या वर्षी बघू

फेब्रुवारीतली गोष्ट. रमजानला आठवडाभर होता. नववीचा उर्दूचा तास संपवून मी वर्गाबाहेर आलो, तर मोबाइलवर भाबीचे सात मिस्ड कॉल. परत फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "होडीत पाणी भरतंय. तुझा भाई आणि पोरगा, दोघंही होडीवरच आहेत."

भाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. रत्नागिरीच्या राजिवड्यात आमचं घर, समोर भाट्याची खाडी. मी डीएड, मग बीएड करून शाळेत लागलो, तो अब्बांच्या मागे दर्यावर गेला. घरी आम्ही कोकणीत बोलतो, इथे मराठीत लिहितोय, तेव्हा त्याची वाक्यं थोडी सोवळी वाटतील. तो फार कमी बोलतो, एवढं मात्र दोन्ही भाषांत सारखंच आहे.

त्या दुपारी काय झालं ते आधी सांगतो. होडीच्या इंजिनापासून पंख्यापर्यंत एक लोखंडी दांडा जातो, तो शाफ्ट. होडीच्या पाठीमागच्या लाकडातून एक नळी आरपार बसवलेली असते आणि शाफ्ट तिच्यातून पाण्यात उतरतो. नळीच्या बाहेरच्या तोंडाशी शाफ्टला आधार द्यायला बुश असतो: बाहेरून पितळेचं कवच, आतून रबर, रबरावर लांबीच्या दिशेने पन्हळी. त्या पन्हळींतून समुद्राचं पाणी फिरतं आणि तेच वंगणाचं काम करतं. नळीच्या आतल्या तोंडाशी ग्लँड असते. तिच्यात ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे शाफ्टभोवती दाबून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. बुश झिजला की शाफ्ट लपलपायला लागतो. लपलपणारा शाफ्ट ग्लँडमधली दोरी कुटून काढतो. त्या दिवशी तेच झालं. शिवाय कुणाच्या तरी फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा पंख्याजवळ गुंडाळला गेला, त्याने उरलंसुरलं काम केलं.

इंजिन चालू ठेवलं तर पाणी धो धो येत होतं. बंद केलं, शाफ्टभोवती ग्रीसमध्ये बुडवलेलं फडकं कोंबलं, तर थेंब थेंब. म्हणजे होडी बुडणार नव्हती, पण चालणारही नव्हती. किनारा चार मैलांवर. पुतण्या डब्याने पाणी उपसत होता. भाईने मासळी झाकायची ताडपत्री काढली, लांब बांबूला बांधली आणि बांबू उभ्या काठीला अडकवून शीड केलं. आपल्याकडे त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, तो जमिनीकडेच ढकलतो. दोन-अडीच तासांनी ते खाडीच्या तोंडाशी आले. भरती लागली होती. शेजारच्या होडीने दोर टाकून आत ओढून घेतलं.

पुतण्या बावीस वर्षांचा. त्याने जन्मात शीड उभारलेलं पाहिलं नव्हतं. रात्री तो सगळ्यांना हीच गोष्ट सांगत होता, बुडता बुडता वाचल्याची नाही, ताडपत्रीची. मी ऐकत होतो. माझ्या डोक्यात वेगळंच होतं.

आदल्या वर्षी जूनमध्ये भाईने मला तो बुश दाखवला होता. होडी वर ओढलेली. त्याने दोन्ही हातांनी पंखा धरून वर उचलला, शाफ्ट बुशात टक्‌ करून हलला. "चार मिलिमीटर तरी आहे," तो म्हणाला. "यंदा बदलायला हवा. शाफ्टही काढून बघायला हवा." पैसे हवेत असं त्याने म्हटलं नाही. तो कधीच म्हणत नाही, फक्त मला बोलावून वस्तू दाखवतो. मला ते कळलं होतं. मुलीच्या क्लासची फी भरायची होती हे खरं. फी भरूनही उरले असते, हेही खरं. मी म्हणालो, "इतकी वर्षं चालला, अजून एक सीझन चालेल. पुढच्या वर्षी बघू."

ज्याला पंखा डावीकडे फिरतो की उजवीकडे हे माहीत नाही, अशा माणसाने हे सांगितलं होतं.

म्हणून यंदा बकरी ईद आटोपल्यावर मी भाईला म्हटलं, पैसे माझे, आणि शाळा उघडेपर्यंत मीही तुझ्याबरोबर. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "जुने कपडे घालून ये."

ईदनंतरच्या पौर्णिमेच्या उधाणात होडी वर घेतली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्यांच्याच होड्या वर येतात आणि सगळ्यांनाच मिस्त्री एकाच वेळी हवा असतो. आमचा मिस्त्री म्हणाला, मी दोनदा येईन, एकदा शाफ्ट बघायला आणि एकदा इंजिन लायनीत घ्यायला. काढणं-बसवणं तुम्ही करा. पाऊस केव्हाही येणार होता.

पहिला दिवस सुकाणू आणि पंख्यात गेला. सुकाणू पंख्याच्या बरोबर मागे, ते काढल्याशिवाय शाफ्ट मागे सरकू शकत नाही. ते तिघांनी मिळून बिजागऱ्यांतून वर उचललं. मग पंखा. शाफ्टचं टोक निमुळतं असतं, पंखा त्यावर घट्ट बसतो, मधे एक चौकोनी चावी, मागून नट आणि पिन. पुतण्या हातोडा घेऊन तयारच होता. भाईने तो काढून घेतला. पंख्याच्या पात्याला एक पोचा पडला तरी तो पुढे वर्षभर थरथरतो. पुलर लावायचा, स्क्रू आवळत जायचं, आणि नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा. का ते अर्ध्या तासाने कळलं. बंदुकीसारखा आवाज झाला, पंखा उडाला आणि नटावर अडकला. नट नसता तर तो पुतण्याच्या मांडीवर आला असता.

आतलं काम माझ्या वाट्याला आलं, कारण तिघांत मीच बारीक. इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडतात तिथे दोन जाड चकत्या समोरासमोर बोल्टने आवळलेल्या असतात. बोल्ट निघाले, पण शाफ्टवरची चकती गंजून शाफ्टशी एकजीव झालेली. तिथेही हातोडा चालत नाही, धक्का थेट इंजिनाच्या गिअरबॉक्सला बसतो. भाईने वरून सांगितलं तसं केलं: दोन चकत्यांच्या मधे, शाफ्टच्या टोकावर टेकेल असा लोखंडी तुकडा ठेवला, लांब बोल्ट घातले आणि चारही थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळत गेलो. बोल्ट चकतीला पुढे ओढतात, तुकडा शाफ्टला मागे ढकलतो. डिझेल, कुजलेली मासळी आणि माझा घाम, या तिन्हींच्या वासात दीड तास आडवा पडून होतो. पानाची एक फेरी पाव आट्याची, कारण त्याहून जास्त हात फिरवायला जागाच नाही. शेवटी चकती सुटली.

तिथे पडल्या पडल्या एक मास्तरकीचा विचार आला, तो सांगून टाकतो. मी पोरांना वर्गात दर्याचे शब्द सांगतो. बंदर आणि लंगर फारसीतून आले, खलाशी अरबीतून. नाखवा म्हणजे मूळचा फारसी नाखुदा, नावेचा मालक. मोसम अरबी, आणि तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून मान्सून होऊन परत आला. पोरांना, विशेषतः उर्दूला कंटाळलेल्यांना, हे आवडतं. पण त्या होडीच्या पोटात माझ्या हाताला जे जे लागत होतं त्याची नावं शाफ्ट, बुश, ग्लँड, कपलिंग. अब्बांच्या मचव्यात यातलं काहीच नव्हतं. तो शिडाचा होता. पुढे इंजिनं आली, सोसायट्यांतून कर्ज मिळायला लागलं, तेव्हा अब्बांनीही इंजिन घेतलं. मचव्याच्या पाठीमागच्या मुख्य लाकडाला लांब गिरमिटाने आरपार भोक पाडलं. ते भोक पाडताना अब्बा तिथे थांबले नव्हते, मशिदीत जाऊन बसले होते, असं आमची दादी सांगायची. धडधाकट होडीच्या तळाशी, पाण्याखाली, आपल्या हाताने भोक! आज मला ते विचित्र वाटत नाही. फेब्रुवारीत पाणी त्याच जागेतून आलं. अब्बांचा मचवा आता नाही, त्याची डोलकाठी आमच्या पडवीच्या छपराला वासा म्हणून लागली आहे. तिला कळ्यांसारख्या कोरलेल्या खाचा आहेत, दोर अडकवायच्या. आमच्या मुली त्यांना रिबिनी बांधतात.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट बाहेर आला. पुतण्या मागून ओढत होता, मी आतून ढकलत होतो, भाई मधे नळीच्या तोंडाशी हात ठेवून होता. वाळूवर ताडपत्री अंथरून शाफ्ट त्यावर ठेवला. ग्लँडच्या दोरीने जिथे घासलं होतं तिथे कडं पडलं होतं, नख फिरवलं की अडकायचं. लेथवर नेऊन फिरवून पाहिला. वाकलेला नव्हता. घासलेला भाग भरून, खरादून घेता आला. नवा शाफ्ट घ्यावा लागला नाही, हे नशीब.

मग बुश. तो नळीच्या तोंडात ठोकून बसवलेला, वर वर्षानुवर्षांचा रंग. रंग खरवडल्यावर दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू सापडले. ते काढले तरी बुश हलेना. शेवटी एकच उपाय उरतो: हॅक्सॉचं पातं बुशाच्या आत घालायचं, उलट बाजूने चौकटीला लावायचं आणि आतून बाहेर, लांबीच्या दिशेने पितळ कापत जायचं. सहा इंच लांब. दोन ठिकाणी कापायचं, मग मधली पट्टी छिन्नीने आत वाकवली की बुश सैल होतो. अट एकच. पितळ कापून झालं की थांबायचं. पातं नळीत शिरलं तर नळी गेली, आणि नळी म्हणजे होडीचं पोट.

हे काम भाईने माझ्या हातात दिलं. साखरेमुळे त्याची नजर उतरली आहे, आणि हात थरथरतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी कापत होतो, तो बॅटरी धरून होता. पितळेचा भुसा पिवळा पडतो, तोवर ठीक. रंग बदलला की थांबायचं. दर पाच-सहा फेऱ्यांनी तो भुसा बोटावर घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. पुतण्या चहा आणायला गेला होता. दोघंच होतो. मी म्हणालो, "भाई, मागच्या वर्षी मी जे बोललो..."

"पातं सरळ धर," तो म्हणाला.

बुश निघाला तेव्हा मिस्त्री नेमका आला. त्याने तो अर्धा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने आतून चाचपला आणि भाईकडे बघितलं. रबर सगळीकडून झिजलं नव्हतं. एका बाजूचं जवळजवळ शाबूत, दुसऱ्या बाजूचं पितळेपर्यंत गेलेलं. "हा जुना झाला म्हणून गेला नाही," मिस्त्री म्हणाला. "इंजिन लायनीत नाही. गेल्या वर्षी नवा घातला असता तरी वर्षभरात हीच गत झाली असती."

माझ्या छातीवरचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. पण मी भाईकडे पाहिलं. इंजिन तीन वर्षांपूर्वी बदललं होतं. १ ऑगस्टला सगळ्यांबरोबर बाहेर पडता यावं म्हणून भाईने ते वाळूवरच लायनीत घेऊन कामाला सुरुवात केली होती. होडी जमिनीवर असते तेव्हा तिचा आकार एक असतो, पाण्यात उतरली की दुसरा. ओंडक्यांवर टेकलेलं लाकूड पाण्यात सैलावतं, भिजून फुगतं. जमिनीवर नेमकं जुळवलेलं इंजिन पाण्यात गेल्यावर तिरकं होऊ शकतं. हे मी सांगतोय, पण आमच्या सगळ्यांत हे सर्वांत आधी माहीत असलेला माणूस भाईच होता. तो काही बोलला नाही. तुकडा घेऊन त्याने खिशात टाकला.

नवा बुश बसवायचा दिवस मात्र मजेचा. पितळ थंड केलं की आकसतं, म्हणून बुश रात्रभर बर्फात ठेवायचा. बर्फ आमच्याकडे मासळीसाठी असतोच. मी मास्तर, मी हिशोब केला: बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर, ३० अंशांवरून शून्यावर आणला तर आकसणार साधारण ०.०३ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. पुतण्या म्हणाला, "चाचा, एवढ्यासाठी रात्रभर?" पण तेवढंच पुरलं. नळीतून लांब आट्याची सळी घालून दोन्हीकडे चकत्या लावल्या, नट आवळत गेलो आणि बुश साबणाच्या पाण्यावर सरकत आत गेला. आत ग्रीस लावायचं नाही, तेलाने रबर फुगतं. रबराचे हे बुश तसे अलीकडचे. १८५४ साली इंग्लंडच्या जॉन पेन या इंजिनिअराने यासाठी लाकूड वापरायचं पेटंट घेतलं होतं, लिग्नम व्हायटी नावाचं, पाण्यात बुडणारं जड लाकूड. त्याआधी आगबोटींचे पितळी बुश भराभर झिजून जायचे. लाकूड पाण्यावर चाललं. रबर विसाव्या शतकात आलं. मी हे भाईला उत्साहाने सांगितलं. त्याने विचारलं, "तो इंजिनिअर स्वतः पाण्याखाली गेला होता का?"

त्या संध्याकाळी पहिला पाऊस आला. होडी झाकून घेतली. १५ तारखेला माझी शाळा सुरू झाली.

जुलैअखेरच्या उधाणात होडी पाण्यात ढकलली. ढकलताना भाई नूह अलैहिस्सलामांची दुआ पुटपुटला, अब्बा पुटपुटायचे तीच, आणि पुटपुटता पुटपुटता आत उतरून ग्लँडला हात लावून बसला. कोरडी. समुद्र अजून खवळलेलाच होता, पण बंदी उठताच काही होड्या बाहेर पडल्या. दोन दिवसांत त्यांची पहिली मासळी आली, आणि पहिल्या मासळीला भाव असतो. पुतण्या धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता. भाई म्हणाला, दोन दिवस होडी पाण्यात भिजू दे, मग मिस्त्री येईल. पोरगा माझ्याकडे आला, "चाचा, तुम्ही सांगा ना त्यांना. आज गेलो तर काय बिघडतंय?"

मी म्हणालो, मी यातलं काही सांगणार नाही.

रविवारी मिस्त्री आला. दोन चकत्यांच्या मधल्या फटीत तो पत्र्याच्या मापाच्या पट्ट्या सरकवत गेला: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चार इंची चकतीला फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आमच्याकडे वरची फट खालच्यापेक्षा ०.४५ ने मोठी निघाली. म्हणजे इंजिनाचं तोंड खाली झुकलेलं. पुढच्या पायांखाली पातळ पत्रे घालायचे, बोल्ट आवळायचे, शाफ्ट फिरवून पुन्हा मोजायचं. आवळलं की माप बदलायचं. जोहरची अजान झाली, मिस्त्री थांबला नाही, तो आमच्यातला नव्हता. आम्ही आळीपाळीने जाऊन आलो. असरच्या सुमारास फरक ०.०८ वर आला.

इंजिन सुरू केलं. दावं न सोडता, जागच्या जागी. मी पुन्हा माझ्या त्याच जागेत, आडवा, हातात बॅटरी. ग्लँड अगदी कोरडी असून चालत नाही, फिरताना थोडं पाणी ठिबकायला हवं, नाहीतर दोरी जळते आणि शाफ्टवर पुन्हा कडं पडतं. शाफ्ट फिरत होता, आणि इतका स्थिर की त्यावरचा रंगाचा एक ठिपका दिसला नसता तर थांबलाय असं वाटलं असतं.

"किती?" वरून भाईचा आवाज.

मी घड्याळ धरून मोजले. "मिनिटाला एक. तोही नीट नाही."

"पाव आटा सैल कर. दोन्ही नट सारखे."

केले. पुन्हा मोजले. "चार."

तो खाली उतरला. मला बाजूला सरकवून त्याने थरथरता तळवा ग्लँडवर ठेवला, गरम लागते का ते बघायला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वर तोंड करून पोराला हाक मारली, "बर्फ भरून घे."